वरण घोटण्याची लाकडी रवी घरी घडवताना

समिधा:
वरण घोटण्यासाठी सुमारे 30 सेंमी लांबीची लाकडी रवी घरीच घडवावी, असा विचार आहे. फणसाच्या नुकत्याच तोडलेल्या फांदीचा मनगटाएवढा जाड तुकडा हाताशी असून करवत, पटाशी आणि कानस आहे. लेथ मात्र नाही. बाजारातील रवीवरचे चकचकीत व्हार्निश गरम डाळीत सुटेल, अशी शंका वाटते. रवी अखंड करावी की दोन भागांत, आणि शेवटी कोणते तेल लावावे?

कातकाम:
या फांदीतून अखंड रवी होणार नाही. ओली फांदी गोलच वाळवली तर ती गाभ्यापासून कडेपर्यंत तडकते. म्हणून ती गाभ्यावरून उभी चिरावी, टोकांना मेण लावावे आणि सावलीत वाळू द्यावी. इंचभर जाडीला साधारण वर्ष लागते, हे गृहीत धरावे. तिचा दांडा उत्तम होईल. पाकळ्यांच्या भागासाठी वखारीतून शिवणीचा वाळलेला ठोकळा आणावा आणि त्याचे तंतू दांड्याला समांतर उभे राहतील असा तो कापावा. तंतू आडवे ठेवले, तर चारांपैकी दोन पाकळ्या हटकून तुटतात. पाकळ्या बाहेर पसरवण्यापेक्षा खाली झुकत्या ठेवाव्यात. सुतारी गोंद उष्णतेने सैल होतो, तेव्हा दांडा भोकात घट्ट बसवून बांबूची आडवी खुंटी मारलेली बरी.

माजघर:
दांड्याच्या जाडीचाही विचार करावा. घुसळखांबाची मोठी रवी दोरीने फिरे. ही तळहातांत फिरणार, आणि दांडा जितका बारीक तितके एका हेलकाव्यात फेरे अधिक. फार बारीक मात्र हाताला रुततो. मला 15 मिमी पुरेसा वाटतो.

तेलाविषयी: शेंगदाणा किंवा करडईचे तेल कालांतराने खवट व चिकट होते. खाण्यायोग्य कच्चे जवस तेल पातळ पुसून लावावे. ते हवेत सुकून घट्ट होते, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या जवस तेलात सुकवणारी धातूंची रसायने असतात, ते स्वयंपाकाला वर्ज्य. तेलाआधी रवी ओली करून वाळवावी, म्हणजे उभे राहिलेले तंतू 320 नंबरच्या पॉलिशपेपरने निघून जातात. एरवी ते पहिल्याच वरणात वर येतात.

समिधा:
आभारी आहे. डिशवॉशरमध्ये ही रवी चालेल का?

कातकाम:
नाही. गरम पाणी आणि कोरडी गरम हवा यांच्या फेऱ्यांत सांधा सुटतो. हाताने धुऊन लगेच पुसावी आणि पाकळ्या वर करून ठेवावी.