टेस्ट लाल, एपीआय की गायब : तुमचे अनुभव सांगा

घाटमाथा
काल जेवायला बसलो आणि भाचीचा फोन आला. पहिलीच नोकरी, लागून थोडेच महिने झालेत. "मामा, माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, सीआयवर (कोड पाठवला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) मात्र ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही'. कोड तोच!" आवाज रडवेला, कारण टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं होतं की तू नेमकं काय बदललंस. तिनं काहीच बदललं नव्हतं. गिटलॅबवर एपीआय की (दुसऱ्या सेवेला ओळख पटवणारा पासवर्डसारखा मजकूर) 'प्रोटेक्टेड' व्हेरिएबल म्हणून ठेवलेली होती, आणि अशी व्हेरिएबल फक्त प्रोटेक्टेड, म्हणजे मेनसारख्या राखीव ब्रँचलाच मिळते. मेनवर पाइपलाइन (सीआयचं सगळं काम) हिरवी, हिच्या फीचर ब्रँचला की रिकामी.

फोन ठेवला आणि पुण्यातलं जुनं ऑफिस आठवलं. पेमेंटचं इंटिग्रेशन होतं आणि समोरून एकच उत्तर येत होतं, सिग्नेचर जुळत नाही. की दहादा डोळ्यांनी ताडून पाहिली, अक्षर न् अक्षर तेच. शेवटी एका सहकाऱ्यानं कीची नुसती लांबी छापली. हवी होती ३२, आली ३३. कुबरनेटीजचं सिक्रेट (सर्व्हरवर की ठेवायची जागा) करताना कुणीतरी की 'एको' कमांडनं छापून बेस६४ रूपात बदलली होती, आणि एको शेवटी एक न्यूलाइन, म्हणजे न दिसणारं नव्या ओळीचं अक्षर, जोडतो. ती लॉगमध्ये दिसणार कशी? तेव्हापासून की तपासायची तर मी आधी लांबी बघतो.

तुमची की कुठे अडकली होती? कशी सापडली? नवीन मुलांना उपयोग होईल.

सोनचाफा
टॉक्स!!! पायथनच्या टेस्ट वेगळ्या वातावरणात चालवणारं टूल. शेलमध्ये एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल टॉक्स आत येऊच देत नाही, त्याच्या 'पासएन्व्ह' सेटिंगमध्ये नाव लिहावं लागतं. नुसतं पायटेस्ट चालवलं की हिरवं, टॉक्समधून लाल. कुकर लावलाय, बाकीचं नंतर लिहिते.

रात्रपाळी
भाचीला सांगा, रडू नकोस गं. आणि लीडनं हे बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. अशा वेळी पोरं गप्प बसायला शिकतात, आणि मग पुढची खरी अडचणसुद्धा सांगत नाहीत.

गावरान_आंबा
गिटहब ॲक्शन्सवाल्यांसाठी (गिटहबचं सीआय). फोर्कवरून, म्हणजे बाहेरच्यानं केलेल्या प्रतीवरून आलेल्या पुल रिक्वेस्टला (पीआर, बदल घ्या अशी विनंती) सिक्रेट मिळत नाहीत. एरर येत नाही, रिकामी स्ट्रिंग येते! ओपन सोर्समध्ये पहिल्यांदा हातभार लावणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. मार्च २०२१ पासून डिपेंडाबॉटच्या (लायब्ररी अपडेट सुचवणारा गिटहबचा बॉट) पीआरनाही हाच नियम आहे, त्याची सिक्रेटं वेगळ्या यादीत भरावी लागतात. यावर उपाय म्हणून काही जण सिक्रेटं मिळणारा 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' हा ट्रिगर लावतात आणि त्यात पीआरचाच कोड चेकआउट करून चालवतात. कृपया करू नका. परक्याचा कोड तुमच्या सिक्रेटांसकट चालतो. की लागणाऱ्या टेस्ट मर्ज झाल्यावर चालवा, फोर्कसाठी एपीआयची आधी रेकॉर्ड केलेली उत्तरं वापरा, आणि रेकॉर्ड करताना ऑथरायझेशन हेडर गाळा, की त्यातच असते.

इसारकाठ
म्युनिकहून. आमची टेस्ट दर आठवड्याला पडायची, 'इनव्हॅलिड ग्रँट'. नवीन टोकन घेतलं की पुन्हा सात दिवस सुखाचे. गुगलच्या ओऑथमध्ये (गुगल खात्यातून परवानगी घ्यायची पद्धत) ॲप बाहेरच्या युजरसाठी असेल आणि कन्सेंट स्क्रीन 'टेस्टिंग'वरच राहिली असेल, तर रिफ्रेश टोकन, म्हणजे पुन्हा पुन्हा परवानगी मिळवून देणारी की, ७ दिवसांत संपतं. की असते, नाव बरोबर असतं, फक्त मेलेली असते.
सोनचाफा, कुकरमध्ये काय? इथलं पाणी इतकं जड आहे की तूरडाळ शिजता शिजत नाही.

रात्रपाळी
@इसारकाठ रात्रभर भिजवा आणि चिमूटभर सोडा घाला.

माळरान
मी टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर.
लाल टेस्टचा मला राग येत नाही, 'स्किप'चा येतो. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, की नसेल तर टेस्ट सोडून द्या. लॅपटॉपवर ठीक आहे. पण सीआयवर कुणी व्हेरिएबलचं नाव बदललं की सगळ्या इंटिग्रेशन टेस्ट स्किप होतात आणि बिल्ड हिरवंगार! एका जुन्या कंपनीत हे कित्येक महिने चाललं होतं. समोरच्यांनी तारखेचा फॉरमॅट बदलला आणि ते आम्हाला ग्राहकाच्या फोनवरून कळलं. टेस्ट होत्या, फक्त चालत नव्हत्या.
आता मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कॉन्फटेस्टमध्ये (पायटेस्टची सुरुवातीला चालणारी फाइल) सुरुवातीलाच तपासणी घालते. गिटहब आणि गिटलॅब दोघंही 'सीआय' नावाची व्हेरिएबल देतात. ती असेल आणि की नसेल, तर टेस्ट सुरू व्हायच्या आधीच थांबायचं आणि जी जी नावं रिकामी आहेत ती सगळी एकदम छापायची. एक भरली की दुसरी, असा खेळ नको. '४०१' वाचून मुलगी रात्रभर कोड शोधते, 'पेमेंटची सँडबॉक्स की रिकामी आहे' वाचून पाच मिनिटांत योग्य माणसाला विचारते.
आणखी एक. ॲक्शन्सच्या लॉगमध्ये एन्व्हचा (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा) भाग उघडून बघा. तीन चांदण्या (***) असतील तर काहीतरी आलंय, कोलननंतर कोरं असेल तर काहीच आलेलं नाही.

सह्याद्रीचा_वारा
माळरान +१००

घाटमाथा
माळरान, तुमचा प्रतिसाद भाचीला जसाच्या तसा पाठवला. तिच्याकडे कुणीतरी सुचवलं की 'प्रोटेक्टेड'चं टिक काढून टाकू. मी नको म्हटलं. खरी की आहे तिथेच राहू दे, बाकी ब्रँचेससाठी वेगळ्या नावानं सँडबॉक्सची की ठेवा.

कोरा_चहा
लोकलमध्ये आहे, थोडक्यात.
'डॉकर रन' कमांडला दिलेल्या एन्व्ह-फाइलमधली (व्हेरिएबलची यादी) अवतरणचिन्हं डॉकर काढत नाही, ती कीचाच भाग होतात. डॉकर कंपोज काढतो. म्हणून एकीकडे चालतं, दुसरीकडे नाही.
विंडोजवर सेव्ह केलेली एन्व्ह फाइल असेल तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (तेही न दिसणारं अक्षर) राहू शकतं. मग इथेही लांबी एकनं जास्त.
दादर आलं.

निवडुंग
एडब्ल्यूएसचं उलटं आहे, लॅपटॉपवर की नको तिथून सापडते. बोटो (एडब्ल्यूएसची पायथन लायब्ररी) आधी एन्व्हायर्नमेंट बघतं, तिथे नसेल तर होम फोल्डरमधली क्रेडेन्शियल फाइल. ती फाइल कधी बनवली होती हेही आठवत नसतं, आणि टेस्ट तिच्या जिवावर हिरवी राहते. सीआयचा अंदाज घ्यायचा तर होम एखाद्या रिकाम्या फोल्डरवर वळवा आणि 'एन्व्ह -आय'नं कोरं एन्व्हायर्नमेंट देऊन चालवा (पाथ आणि तो नवा होम तेवढे त्याच कमांडमध्ये हातानं द्या). काय काय गृहीत धरलंय ते लगेच बाहेर येतं.
घाटमाथा, भाची पायथनवाली आहे का? आमच्याकडे जागा आहे आणि लीड चांगली आहे. व्यनि करा.

रात्रपाळी
वैतागून की थेट कोडमध्ये टाकणाऱ्यांसाठी : नंतर कमिट काढून भागत नाही, इतिहासात आणि दुसऱ्यांच्या क्लोनमध्ये ती राहते. आधी की रद्द करा, मग साफसफाई.

सोनचाफा
आले परत. वरणभात होता, इसारकाठ :) मसूर आणा, जड पाण्यातही शिजते.
जेंकिन्सचं (हेही एक सीआय) राहिलं होतं. पाइपलाइनच्या फाइलमध्ये 'विथ क्रेडेन्शियल्स'च्या कंसातच की मिळते. बिल्डची पायरी आत होती, टेस्टची कुणीतरी बाहेर हलवलेली. डिफ बघितला तर नुसता इंडेंट बदललेला दिसत होता, रिव्ह्यूमध्ये कुणाच्या लक्षात येणार?