मालवाहू ईकोचा मागचा ट्यूबलेस टायर: पंक्चर काढावे की टायरच बदलावा?

प्रश्न – नारायणगावकर

नमस्कार. आमच्या मालवाहू ईकोतून रोज पहाटे नारायणगावहून पुण्याला भाजीचे क्रेट जातात. गेल्या आठवड्यात मंचर सोडल्यावर मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा शिरला. गाडी पूर्ण भरलेली असल्यामुळे रस्त्याच्या कडेला जॅक लावण्याऐवजी चालकाने ती तशीच, हवा उतरत असताना, सावकाश पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेली. त्याने टायर न खोलता बाहेरूनच पट्टी भरून दिली. परंतु तेव्हापासून संध्याकाळी भरलेली हवा सकाळपर्यंत बरीच उतरलेली असते.

खिळा नक्षीच्या मधोमध नसून बाहेरच्या बाजूला, अगदी शेवटच्या खाचेजवळ आणि थोडा तिरपा शिरला होता. टायर गोटा झालेला नाही, निम्म्याहून अधिक नक्षी शिल्लक आहे आणि बाजूवरील उत्पादनाचा आकडा ३२२१ आहे. गावातील पंक्चरवाल्याचे म्हणणे असे, की आत ट्यूब टाकल्यास हा टायर आणखी दोन वर्षे सहज चालेल. टायरच्या दुकानदाराने मात्र मागचे दोन्ही टायर बदलण्याचा सल्ला दिला आहे. दोघांचाही आपापला धंदा आहे, म्हणून येथे विचारत आहे.

प्रतिसाद – टायरमिस्त्री

आपल्या टायरचे वय ही अडचण नाही. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा सुमार. नक्षीही भरपूर आहे. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत नक्षी झिजली की खोली १.६ मिमी उरते आणि मग टायर बदलावाच लागतो. तुमचा टायर त्यापासून बराच दूर दिसतो. खरे प्रश्न दोन आहेत: भोक नेमके कुठे आहे आणि कमी हवेत चालल्यामुळे टायर आतून किती खराब झाला आहे. या दोन्हींचे उत्तर टायर रिमवरून उतरवल्याशिवाय कोणीही देऊ शकणार नाही.

पंक्चर नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल आणि भोक ६ मिमीपेक्षा मोठे नसेल, तर ते खात्रीने दुरुस्त होते, कारण त्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि तेथील रबर फारसे वाकत नाही. खांद्याचा (नक्षी आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तो) आणि बाजूच्या भिंतीचा भाग मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबतो व सुटतो. तेथे लावलेली पट्टी किंवा पॅच सतत ओढला जातो आणि हळूहळू सुटतो. तिरपा शिरलेला खिळा बाहेरून शेवटच्या खाचेत दिसला, तरी आत त्याचे टोक खांद्याच्या पलीकडे निघालेले असू शकते. तुमची हवा यामुळेच उतरत असावी असा माझा अंदाज आहे. तरीही आधी व्हॉल्व्हवर, रिमच्या कडेवर आणि पट्टीवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे कुठे येतात ते पाहून घ्या, कारण गंजलेल्या रिममधूनही हवा अशीच जाते.

टायर उतरवल्यावर आतून हात फिरवा. भिंतीलगत काळी भुकटी हाताला लागली, किंवा सभोवार घासल्याची गोल रेघ दिसली, तर कमी हवेत भिंत दुमडून आतले रबर सोलले गेले आहे असे समजावे. असा टायर बाहेरून कितीही चांगला दिसला तरी तो भरल्या गाडीला पुन्हा लावू नये. आतून सर्व स्वच्छ असेल आणि भोकही योग्य जागी निघाले, तर आतून घासून, सोल्यूशन लावून मशरूम पॅच (भोकात बसणारा दांडा आणि आतून चिकटणारी टोपी असलेला) बसवून घ्या. बाहेरून भरलेली पट्टी ही घरी किंवा गॅरेजपर्यंत पोहोचण्याची सोय आहे. रोज माल वाहणाऱ्या गाडीसाठी ती कायमची दुरुस्ती मानणे मला पटत नाही.

प्रतिसाद – घाटवाट

पंक्चरवाल्याने सुचवलेला ट्यूबचा उपाय तसा वाईट नाही. आमच्या भागात आत गेटर (भोकावर आतून ठेवायचा जुन्या टायरचा तुकडा) व ट्यूब टाकलेले कितीतरी ट्यूबलेस टायर वर्षानुवर्षे चालत आहेत. लहान व्यावसायिकाला प्रत्येक खिळ्यासाठी नवा टायर परवडत नाही.

प्रतिसाद – टायरमिस्त्री

परवडण्याचा मुद्दा मान्य आहे, आणि रिकामी गाडी गावातल्या गावात फिरणार असेल तर काही दिवस ट्यूबवर काढता येतील. परंतु ट्यूबलेस टायरचा आतला पृष्ठभाग ट्यूबसाठी केलेला नसतो. त्यावरील कंगोऱ्यांवर ट्यूब घासते आणि उष्णता वाढते. शिवाय ट्यूबलेसमध्ये खिळा शिरला तर हवा बहुधा हळूहळू जाते, तर ट्यूब फुटली की ती एकदम जाते. पुणे-नाशिक महामार्गावर भरल्या गाडीचे मागचे चाक क्षणात बसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय खराब झालेली भिंत ट्यूबने बरी होत नाही.

प्रतिसाद – हिशेबी

टायर बदलायचा ठरल्यास एका गोष्टीकडे दुकानात डोळ्यांत तेल घालून पाहा. मोटारीचा आणि हलक्या मालवाहू गाडीचा टायर रुंदीला व रिमला सारखा असू शकतो, पण त्यांची भार पेलण्याची क्षमता सारखी नसते. मापापुढचा आकडा भाराचा असतो: ७९ असल्यास ४३७ किलो, ९० असल्यास ६०० किलो. ९०/८८ असे दोन आकडे असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर कंपनीने दिलेले माप व हवेचा दाब पाहून तेवढ्याच किंवा त्याहून अधिक क्षमतेचा टायर घ्या, स्वस्त मिळतो म्हणून मोटारीचा टायर घेऊ नका.

दोन्ही बदलण्याचा सल्ला मात्र केवळ दुकानदारीचा नाही. ईकोची मागची चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. एक नवा आणि एक बराच झिजलेला टायर असेल तर दोन्हींचा घेर वेगळा पडतो आणि डिफरन्शिअलवर, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरवर, सतत ताण येतो. दुसऱ्या टायरची नक्षी नव्याच्या जवळपास असेल, तर एकावर भागेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – नारायणगावकर

सर्वांचे आभार. आज टायर उतरवून पाहिला. भिंतीलगत आतून बोटभर रुंदीची घासल्याची गोल रेघ आहे आणि मूठभर काळी भुकटी निघाली. खिळ्याचे आतले तोंडही खांद्यावरच आहे. त्यामुळे ट्यूबचा विचार सोडला. मागे दोन नवे टायर, दारावरील पट्टीप्रमाणे, घेत आहे. उजवीकडचा जुना टायर चांगला असल्याने तो स्टेपनीला ठेवला तर चालेल ना?

प्रतिसाद – टायरमिस्त्री

माप तेच असल्याने जरूर चालेल; फक्त त्यात पूर्ण हवा भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा तपासा, कारण गरजेच्या वेळी स्टेपनीच बसलेली निघते हा सर्वांचा अनुभव आहे. नव्या चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून पाहा. हवा पहाटे निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजा. पुण्यात पोहोचल्यावर तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसेल, तेव्हा हवा काढू नका.