मदत हवी आहे: गावातली फूट कशी सांधावी?
नमस्कार. आमचं गाव बीड जिल्ह्यात. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटल्यापासून मराठा-ओबीसी अशी उभी फूट पडली. २०२४ च्या लोकसभेनंतर तर एकमेकांच्या दुकानात जाणंही थांबलं. सोयाबीन काढायला सावडीला येणारी माणसं आता बांधावर भेटली तरी बोलत नाहीत. कोरडवाहू शेती आणि पोरांना नसलेली नोकरी, दुखणं दोन्हीकडं हेच आहे. पण असं म्हटलं की लगेच विचारतात, ‘तू कुणाच्या बाजूचा?’

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या वेळी, १९७८ ते १९९४, मराठवाड्यानं फार मोठी जखम सोसली. त्यानंतर तुमच्याकडं माणसं पुन्हा कशी बोलती झाली, जाणत्यांकडून ऐकलंय का? यंदा सप्ताहाची पंगत तरी एकच व्हावी, एवढी इच्छा आहे. आधी कुणाला भेटू: कीर्तनकार, शिक्षक की बायकांचे बचत गट?