मोबाईलवरून कायदे?

"आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, मग प्रत्येक कायद्यावर लोकांनीच मत द्यावं, खासदार हवेत कशाला?" असं म्हणत काहीजण स्वित्झर्लंडचा दाखला देतात. हा मुद्दा मला अर्धाच पटतो.

त्या स्वित्झर्लंडमध्येही संसद आहेच. फक्त तिने केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या की सार्वमत घ्यावं लागतं. ही तरतूद मला मोलाची वाटते, कारण कायदा करतानाच लोकांचा धाक राहतो. पण त्याच देशात स्त्रियांना मताधिकार द्यायचा का, हे १९५९ साली फक्त पुरुषांनी मतं देऊन ठरवलं आणि प्रस्ताव आपटला! देशपातळीवर तो हक्क मिळाला १९७१ साली. आपल्या बायकांनी १९५१-५२च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत मतं दिली, कारण संविधान सभेतल्या प्रतिनिधींनी ते आधीच पक्कं करून ठेवलं होतं.

थेट मतदान आपल्याकडेही होतं की. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मतदान आठवा. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही शिक्का कुठे मारायचा ते कळतं, कारण त्या दुकानाचा त्रास तिच्या घरात रोज संध्याकाळी येतो. अशा प्रश्नांवर लोकांनाच विचारावं, आणि आजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा विचारावं.

अर्थसंकल्पाला मात्र उभी-आडवी बाटली चालत नाही. तिथे कलमागणिक घासाघीस लागते, दुरुस्त्या लागतात, आणि चुकलं तर पाच वर्षांनी जाब विचारायला कुणीतरी समोर लागतो.