एकच गिअर, हलकी इलेक्ट्रिक सायकल: रोजच्या ये-जा करण्याला पुरते का?

रोजची_सायकल (धागा)

गेले आठ महिने मी रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर एकाच गिअरच्या इलेक्ट्रिक सायकलवर कामाला जातेय. वजन १६ किलो, मागच्या चाकात २५० वॉटची मोटर, फ्रेमच्या नळीतच बसवलेली २५० वॉट-अवरची बॅटरी, आणि साखळीच्या जागी पट्टा. माझं मत आधीच सांगून टाकते: रस्ता बराचसा सपाट असेल तर शहरातल्या रोजच्या कामासाठी यापेक्षा चांगली इलेक्ट्रिक सायकल नाही.

मुख्य कारण वजन. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. आधीची गिअरवाली इलेक्ट्रिक सायकल २५ किलोंची होती. पहिल्या मजल्याच्या वळणावरच ती भिंतीला टेकवून श्वास घ्यावा लागायचा. मग कंटाळा येऊन आठवड्यातले दोन-तीन दिवस ती खालीच राहायची, आणि पुढे पुढे मी बसनेच जायला लागले. आता वरची दांडी उजव्या खांद्यावर घेते, पुढचं चाक फिरू नये म्हणून त्याच हाताने हँडल धरते, डावा हात कठड्याला. तिन्ही मजले एका दमात होतात. जी सायकल घराबाहेर काढणं जड जातं ती कितीही चांगली असली तरी वापरली जात नाही, हे मी स्वतः भोगलंय.

दुसरं म्हणजे पट्ट्याला तेल लागत नाही, त्यामुळे कपड्यांना काळं लागत नाही. गिअर जुळवत बसणं नाही. आठ महिन्यांत फक्त ब्रेक आवळले आणि हवा भरली.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा. एक मैत्रीण घ्यायच्या विचारात आहे, तिला दोन्ही बाजू वाचायला मिळतील.

चढाचा_रस्ता

असहमत. जिन्याचा मुद्दा मान्य, पण सायकल जिन्यावर दोन मिनिटं असते आणि रस्त्यावर तासभर. रस्त्यावर वजनाने काय फरक पडतो ते पाहा. ७५ किलोंचा माणूस, १६ किलोंची सायकल, ५ टक्के चढ, ताशी १५ किमी. यासाठी साधारण २३० वॉट लागतात. सायकल २५ किलोंची असेल तर २५० च्या थोडे वर. हा २०-२५ वॉटचा फरक मोटर सहज उचलते.

गिअर नसल्याचा फरक मात्र मोटर उचलत नाही. अशा सायकलींना पुढे ४४ आणि मागे १६ दात असले, तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.८ मीटर जाते. ताशी २५ च्या वेगाला मिनिटाला ७२ फेऱ्या, अगदी छान. पण खड्या चढावर वेग १० वर आला की फेऱ्या होतात २९. एवढ्या सावकाश पायडल मारताना सगळा जोर गुडघ्यांवर येतो.

आणि त्याच क्षणी चाकातली मोटरही दमते. ती चाकाच्या वेगाशी बांधलेली असते. चाक सावकाश फिरलं की विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो. पायडलपाशी बसवलेली मोटर गिअरमधूनच चाक ओढते, म्हणून चढावर गिअर टाकला की तिलाही आराम मिळतो. माझ्या वाटेवर पाऊण किलोमीटरचा चढ आहे, रोज. मी ही सायकल घेणार नाही.

पाना_पक्कड

मी सायकल दुरुस्ती करतो, त्यामुळे माझी तक्रार वेगळी आहे. मागचं चाक पंक्चर झालं की काय करता? साध्या सायकलचं चाक मिनिटभरात निघतं. इथे मोटरची वायर सोडवायची, धुऱ्याचे मोठे नट काढायचे, धुरा फिरू नये म्हणून बसवलेले खाचेचे वॉशर सांभाळायचे, आणि परत बसवताना पट्ट्याचा ताण बरोबर ठेवायचा. पट्टा ढिला राहिला तर जोर लावताना दातांवरून उडी मारतो. शिवाय पट्टा साखळीसारखा तोडून जोडता येत नाही. म्हणून फ्रेमलाच मागे उघडता येणारा सांधा लागतो, आणि पट्टा गेला तर नेमक्या मापाचाच हवा.

मी तर म्हणेन, एक गिअर हवा तर साखळीच घ्या. जाड साखळी वर्षानुवर्षं टिकते आणि कुठेही मिळते.

रोजची_सायकल

पाना_पक्कड, पंक्चर एकदा झालंय, पावसात. चाक काढलंच नाही. टायरची एक बाजू रिमवरून सोडवली, ट्यूब बाहेर ओढली, थोडी हवा भरून गालाजवळ फिरवली तेव्हा भोक सापडलं. काचेचा तुकडा टायरमध्ये तसाच होता. तो काढला, ट्यूब घासून ठिगळ लावलं आणि आत ढकलली. वीस मिनिटं गेली. ट्यूब बदलायची वेळ आली तर चाक काढावंच लागेल, हे खरं. साखळीबद्दल तुमचं बरोबर असेल, मला पट्टा आवडतो तो कपड्यांमुळे.

चढाचा_रस्ता, तुमच्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या वाटेत एकच उड्डाणपूल आहे, मी उभी राहून पायडल मारते आणि संपतो. पाऊण किलोमीटर असता तर मीही गिअर घेतले असते.

साधी_सायकल

मला मुळातच प्रश्न आहे. रस्ता सपाट, अंतर एका बाजूला ९ किलोमीटर, मग मोटर कशाला? एक गिअरची साधी सायकल ११-१२ किलोत मिळते. चार्जिंग नाही, बॅटरी जुनी होण्याची काळजी नाही. १६ किलो हलकी वाटते ती २५ च्या तुलनेत.

रोजची_सायकल

सिग्नलांसाठी. माझ्या वाटेवर एका बाजूला चौदा सिग्नल आहेत. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन थांबल्या जागेवरून ताशी २० पर्यंत न्यायला साधारण १४०० ज्यूल लागतात. गाड्यांच्या पुढे निघायचं म्हणून ते सहा सेकंदांत करायचं तर २३० वॉट झाले, आणि एकच गिअर असल्याने पहिल्या दोन-तीन फेऱ्या फार जड. साधी सायकल मी वर्षभर चालवली आहे. थकवा यायचा तो या सुरुवातींचा. पोचल्यावर घाम पुसत अर्धा तास बसायचं, मग काम. आता तो जोर मोटर देते.

यात एक गोष्ट मात्र नीट पाहून घ्यावी लागते. काही सायकलींत पायडल फिरतंय एवढंच कळणारा सेन्सर असतो, त्यात अर्धी फेरी झाल्यावर मोटर जागी होते. एका गिअरच्या सायकलला तो अजिबात चालत नाही, कारण मदत हवी असते ती नेमकी त्या अर्ध्या फेरीत. पायाचा दाब मोजणारा टॉर्क सेन्सरच हवा.

बॅटरी_आधी_पाहा

टॉर्क सेन्सरबद्दल सहमत. पण फ्रेमच्या आतल्या बॅटरीवर कोणी बोलत नाही. ती काढता येत नसेल तर चार्जिंगला अख्खी सायकल प्लगपाशी न्यावी लागते. तुमची वर घरात येते म्हणून चालतंय. जिची सायकल खाली उभी राहणार तिने काय करायचं? बॅटरी म्हातारी झाली की तीच बॅटरी त्याच कंपनीकडून मिळाली पाहिजे.

कंपनी राहीलच असंही नाही. व्हॅनमूफ ही नावाजलेली डच कंपनी जुलै २०२३ मध्ये दिवाळखोर झाली. त्यांच्या सायकली फोनवरच्या ॲपशी जोडलेल्या होत्या, त्यामुळे आपली डिजिटल चावी जपून ठेवायला मालकांची धावपळ झाली. काउबॉय या दुसऱ्या सायकल कंपनीने त्यासाठी वेगळं ॲपच काढलं. म्हणून माझा आग्रह असा, की सायकल ॲपशिवाय सुरू होते का आणि बॅटरी किल्लीने बाहेर निघते का, हे दोन्ही दुकानात करून पाहावं. वजन दोन किलो वाढलं तरी चालेल.

रोजची_सायकल

हा मुद्दा मी घेताना पाहिलाच नव्हता, आणि तो मोठा आहे. मैत्रिणीची सायकल पार्किंगमध्येच राहणार आहे, तिला बॅटरी निघणारीच बघायला सांगते. माझी ॲपशिवाय सुरू होते, आज सकाळी फोन बंद करून पाहिलं. मोटर बंद ठेवूनही दोन किलोमीटर चालवली. २५ किलोवाली अशी चालवणं म्हणजे शिक्षा होती, ही जड साध्या सायकलसारखी चालते.

पाना_पक्कड

चढाचा_रस्ता, साखळीवाली एक गिअरची असेल तर मागे १६ च्या जागी १८ दात बसतात. किरकोळ काम आहे. पट्ट्यावर तेच करायला बहुतेकदा दुसऱ्या लांबीचा पट्टा लागतो.

चढाचा_रस्ता

करून पाहिला हिशेब. १८ दातांवर ताशी १० ला ३२-३३ फेऱ्या, आणि २५ ला ८१. सपाट रस्त्यावर पाय भरभर फिरणार आणि चढावर तरी गुडघे दुखणारच. छोट्या पुलांसाठी उपाय चांगला आहे. माझ्या चढाला नाही.