‘नवी’ आज्ञा नवी कशी?
बायबलच्या योहान १३:३४ मध्ये येशू शिष्यांना ‘एकमेकांवर प्रीती करा’ ही ‘नवी’ आज्ञा देतो. पण ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे जुन्या करारात, लेवीय १९:१८ मध्ये, आधीपासून आहेच, मग ही आज्ञा नवी कशी, हा प्रश्न रास्त आहे. नवेपण ‘जशी मी तुमच्यावर प्रीती केली तशी’ या शब्दांत आहे. माप ‘स्वतःसारखी’ वरून ‘माझ्यासारखी’ वर गेलं. आणि ते माप काय, हे त्याच अध्यायात दिसतं: येशू भोजनावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. हे गुलामाचं काम. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा बाहेर पडतो तो थेट ३०व्या वचनात, म्हणजे पाय धुताना तोही तिथेच होता! हे मला फार मोठं वाटतं.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीत नेमकं हेच निसटतं. बारा प्रतिष्ठित पुरुष निवडले जातात, तेही घरून पाय स्वच्छ धुऊन येतात. खरं तर आजच्या कॅथलिक विधीत बाराचा आकडा सक्तीचा नाही, आणि व्हॅटिकनच्या जानेवारी २०१६च्या फर्मानानंतर स्त्रियाही चालतात. त्यात तरुण-वृद्ध, निरोगी-आजारी अशी सगळ्यांतून निवड करायला सांगितलं आहे. माझ्या मते, निवडीची यादी करताना सुरुवात आजाऱ्यांपासून करावी.