सल्ला हवा: १०८०पी गेमिंगसाठी ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड पुरेल की १२ जीबीच घ्यावं?

गिरगावकर९:
नमस्कार मंडळी. पीसी असा आहे: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. जुनं जीटीएक्स १०५० टीआय आता दमलं. बजेट २८ हजार, त्यावर एक रुपया नाही, कारण गणपतीला गावी जायचा खर्च डोक्यावर आहे. बहुतेक वेळ व्हॅलोरंट आणि सीएस२, सुट्टीला एखादा स्टोरीवाला गेम. ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० मनात आहे, पण जो तो म्हणतो ८ जीबीचे दिवस संपले. खरंच का? जाणकारांनी सांगावं.

भांडुपचा_भिडू:
८ जीबी घेऊच नको भावा. मी ५०६० टीआय १६ जीबी घेतलं, सगळं अल्ट्रावर पळतंय. थोडे पैसे साठव आणि दिवाळीत घे.

गिरगावकर९:
दादा, ते माझ्या बजेटच्या बरंच वर जातं.

भांडुपचा_भिडू:
मग ईएमआय कर.

मुलुंडचे_काका:
नुसत्या जीबीवर जाऊ नका. जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळायचं, त्यात मेमरी डीडीआर३ ची, चिप दुबळी. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने माझ्या भाच्याच्या गळ्यात तेच मारलं, "४ जीबीचं गेमिंग कार्ड" म्हणून! जीटीएक्स १०६० चं बघा, ३ जीबी आणि ६ जीबी अशी दोन होती. ३ जीबीवाल्यात कोअरही कमी होते, नाव मात्र तेच. आधी चिप बघायची, मग मेमरी.

ठाणेकरीण:
काका, जीटी ७३० बद्दल एकदम मान्य. पण चिप दमदार असूनही मेमरी अपुरी पडली की चिपचा काही उपयोग राहत नाही.

गिरगावकर, नीट समजून घे. मेमरी जास्त आहे म्हणून एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाही. ४०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्हींत आलं, चिप तीच, बस (चिप आणि मेमरीमधला डेटाचा रस्ता) १२८ बिटचीच. ज्या गेमला ८ पुरते तिथे दोन्ही जवळपास सारखी चालतात. पुरली नाही की फरक एकदम दिसतो: भिंतींवरची टेक्स्चर (पृष्ठभागावरची चित्रं) धूसर राहतात, कॅमेरा वळवला की झटके बसतात. सरासरी एफपीएसमध्ये हे लपून जातं, म्हणून रिव्ह्यू बघताना १% लो (सर्वात हळू १% फ्रेमचा वेग) बघ.

झटके का, तर कार्डात न मावलेला डेटा रॅममधून मदरबोर्डच्या स्लॉटमार्गे आणावा लागतो. ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. स्लॉटमध्ये हे कार्ड आठच लेन (डेटाचे मार्ग) वापरतं आणि तुझा बी४५० पीसीआयई ३.० चा (स्लॉटची जुनी, हळू पिढी), म्हणजे तिथून सेकंदाला जेमतेम ८ जीबी. नव्या बोर्डवर याच्या दुप्पट मिळतं. त्यामुळे मेमरी संपल्याचा फटका तुला इतरांपेक्षा जोरात बसेल. नवीन घेणार असशील तर इंटेल बी५८० आहे, १२ जीबी, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोस सेटिंग) चालू लागतो आणि जुन्या प्रोसेसरवर ते मागे पडतं. तुझ्या ३६०० वर मी नाही सुचवणार.

शीव_लोकल:
+१. ८ जीबी नको. माझ्या ८ जीबी कार्डावर ओव्हरले (गेमवर दिसणारे आकडे) मेमरी वापर सतत ७.५ जीबीच्या वर दाखवतो, सीएस२ मध्येसुद्धा.

ठाणेकरीण:
तो आकडा गेमने राखून ठेवलेल्या मेमरीचा असतो, गरजेचा नाही. मोकळी जागा दिसली की बरेच गेम ती अडवून ठेवतात. झटके बसतात का ते सांग.

शीव_लोकल:
सीएस२ मध्ये नाही. पण नव्या गेममध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणारी सेटिंग) लावलं की बसतात.

कळव्याचा_राजू:
सेकंड हँड ३०६० १२ जीबी घे, बजेटच्या आत येईल आणि स्लॉटच्या सोळाच्या सोळा लेन वापरतं. मी घेतलं, एकदम खूश. दोन गोष्टी मात्र बघ. ३०६० चंच ८ जीबीवालंही आहे, त्याची बस १२८ बिटची, १२ जीबीची १९२ बिटची. खोक्यावर विश्वास न ठेवता जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून तपास. आणि कार्ड क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं असू शकतं, म्हणून विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम चालवून तापमान बघ.

मुलुंडचे_काका:
सेकंड हँड? पक्कं बिल नाही, वॉरंटी नाही. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेलं कार्ड मी घरात घेणार नाही. शिवाय ३०६० खातं १७० वॅट, ४०६० खातं ११५. कंपनी दोन्हींना ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. तुमचा ४५० चा, तो आधी बदला.

भांडुपचा_भिडू:
लॅमिंग्टन रोडला जाऊच नका, ऑनलाइन स्वस्त मिळतं.

मुलुंडचे_काका:
ऑनलाइनवाला बिघडलेलं कार्ड समोरासमोर बदलून देतो का? माझा ग्रँट रोडचा माणूस देतो. भाव मात्र चार दुकानांत विचारायचा.

कळव्याचा_राजू:
अवांतर: वीकडेला दुपारी जा. शनिवारी तिथे कोणी धड उत्तर देत नाही.

गिरगावकर९:
सगळ्यांचे आभार. आज ४०६० घेतलं, नवीन, पक्क्या बिलासह. मला रोज लागतात ते दोन गेम ८ जीबीत आरामात बसतात. स्टोरीवाल्या गेमला टेक्स्चर कमी करेन, अल्ट्रा आणि हायमधला फरक मला १०८०पी वर फारसा दिसत नाही. सेकंड हँड ३०६० बघितलं होतं, पण १७० वॅट ४५० च्या एसएमपीएसवर टाकायची माझी तयारी नाही, आणि तोही बदलायचा तर बजेट गेलं. ११५ वॅटवर माझं भागेल.

ठाणेकरीण:
ठीक आहे. एसएमपीएसला ८ पिनची पॉवर वायर आहे ना बघ, तुझ्या जुन्या कार्डाला ती लागत नसेल. जड गेममध्ये आधी टेक्स्चर एक पायरी खाली आण, रे ट्रेसिंग बंद ठेव. फ्रेम जनरेशनही (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं) मेमरी खातं, त्यामुळे झटके बसायला लागले तर तेही बंद करून बघ.

भांडुपचा_भिडू:
वर्षभरात पुन्हा धागा काढशील, लिहून ठेव. १६ जीबीच घ्यायला हवं होतं.